आईचा कॅन्सर आणि घरचं गणित : पैसे भरण्याआधी कागद

वस्तीत कुणाच्या घरी कॅन्सरचं निदान झालं की पहिल्या आठ-दहा दिवसांत काय घडतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. गळ्यातलं-कानातलं गहाण पडतं, बचत गटातून कर्ज निघतं, आणि कुणीतरी सांगितलेल्या खासगी दवाखान्यात तपासण्यांवरच हातातले पैसे संपतात. योजनांची चौकशी सुरू होते ती त्यानंतर. खरं तर क्रम उलटा हवा. जवळजवळ सगळ्या योजनांचा नियम एकच आहे : आधी मंजुरी, मग उपचार. रोखीने भरलेल्या बिलाची पावती घेऊन मागाहून कितीही खेटे घातले तरी ते पैसे सहसा परत मिळत नाहीत.

स्तनाचा कॅन्सर हा आज भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर आहे. जागतिक आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ९८ हजार बायकांचा त्याने जीव गेला. मृत्यूंचा आकडा इतका मोठा असण्याचं एक मोठं कारण म्हणजे आजार उशिरा उघड होतो. साठी-सत्तरीतल्या आपल्या आया-सासवा गाठ लपवतात. ‘दुखत नाही ना, मग कशाला दाखवायचं,’ असं म्हणत पदराखाली वर्ष निघून जातं. गाठ फुटून वास यायला लागतो किंवा पाठ इतकी दुखते की उठता येत नाही, तेव्हा घरात कळतं. तोवर आजार हाडांत, फुप्फुसांत किंवा यकृतात पोचलेला असतो. यालाच डॉक्टर चौथा टप्पा म्हणतात.

आणि मग ती म्हातारी एक वाक्य बोलते. बिबवेवाडीत, अप्परला, इंदिरानगरला, कुठेही जा, वाक्य तेच : ‘माझ्यावर पैसे घालू नका, पोरांच्या शिक्षणाला ठेवा.’ तिचं हे बोलणं खरं मानून गप्प बसू नका, आणि तिला गप्प करण्यासाठी राहती खोलीही विकू नका. या दोन टोकांच्या मधे बरीच जागा आहे. हा लेख त्या जागेबद्दल आहे.

सुरुवातीला एक वैद्यकीय गोष्ट. चौथ्या टप्प्याचं निदान झालं म्हणजे उद्या सकाळीच काहीतरी करायलाच हवं, असं बहुतेक वेळा नसतं. आठ-दहा दिवस कागद जमवण्यात गेले तर चालेल का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. अपवाद मात्र लक्षात ठेवा. पायांतली ताकद अचानक गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, दम लागून झोपता येईना, किंवा बाई असंबद्ध बोलायला लागली, तर त्याच दिवशी ससूनला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. अशा वेळी कागदांची वाट पाहायची नाही.

आधी पोराची पगारपावती पाहा

आईचा आजार म्हटलं की आपण आईचे कागद शोधतो. त्याआधी मुलाची पगारपावती काढा. आपल्या वस्त्यांतली पोरं-पोरी हाउसकीपिंगला आहेत, सिक्युरिटीत आहेत, कंत्राटावर झाडू मारतात, छोट्या कारखान्यांत राबतात. महिन्याची मजुरी २१ हजारांपर्यंत असेल तर बहुतेक ठिकाणी त्यांना कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू असते. मजुरीतून पाऊण टक्का कापला जातो आणि मालकाने सव्वातीन टक्के भरायचे असतात. पोराला वाटतं, हा उगाच पगार कापतात. त्या कापलेल्या पैशांत त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचाही उपचार येतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. अट अशी की आईचं स्वतःचं सगळं मिळून उत्पन्न महिन्याला ९ हजारांच्या आत हवं.

ईएसआयचं रुग्णालय आपल्या बिबवेवाडीतच आहे. वर्षानुवर्षं त्याच्यावरून बस जाते आणि आपण ते ‘कामगारांचं हॉस्पिटल’ म्हणून सोडून देतो. कॅन्सरचा सगळा उपचार तिथे एका छपराखाली होईल, असं समजू नका. तिथले डॉक्टर तपासून, गरज असेल तर करार असलेल्या मोठ्या रुग्णालयात लेखी पाठवतात, आणि तिथलं बिल ईएसआय भरते. म्हणून आधी थेट मोठ्या रुग्णालयात जाऊन पैसे भरायचे नाहीत. शिफारसपत्र आधी. कुटुंबातल्या माणसाच्या मोठ्या उपचारांसाठी मुलाची नोकरी आणि भरणा ठरावीक काळ झालेला असावा लागतो. तो किती, हे विमा क्रमांक दाखवून तिथल्या खिडकीवर विचारा.

इथे दोन अडचणी नेहमी येतात. पहिली, मुलाच्या नोंदणीत बायको-पोरं असतात, आईचं नाव घातलेलंच नसतं. ते घालता येतं. कंपनीच्या ऑफिसात किंवा ईएसआयच्या शाखेत आधार आणि फोटो देऊन ते आजच करून घ्या, घरात कुणी आजारी नसलं तरी. दुसरी अडचण कंत्राटदाराची. तो पगारातून कापतो, पण भरत नाही. ईएसआयच्या संकेतस्थळावर स्वतःच्या खात्यात महिनावार भरणा दिसतो. पोरांच्या हातात मोबाइल असतोच, तर दर तीन महिन्यांनी हेही बघावं. भरणा नसेल तर शाखेत लेखी तक्रार द्या, तोंडी नको.

ही योजना आली कुठून, हे आपल्या वाचकांना सांगायला हवं. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे प्रमुख होते. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम देण्यात आलं. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. त्या खिडकीवर आपण कुणाची मेहरबानी मागायला उभे नसतो.

घरात कुणी महापालिकेत कायम नोकरीत असेल किंवा तिथून निवृत्त झालेलं असेल, तर त्यांच्यासाठी महापालिकेची वेगळी अंशदायी वैद्यकीय सहाय्य योजना आहे. मार्केट यार्डातल्या हमालांनी माथाडी मंडळात, आणि बांधकामावर जाणाऱ्यांनी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात गंभीर आजाराच्या मदतीची चौकशी करावी. नोंदणी चालू असेल तरच ती उपयोगाची.

रेशनकार्डावरची योजना

ईएसआय नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला जोतिबांचं नाव मिळालं. पूर्वी मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होती. आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून ती ५ लाख झाली आहे आणि १ जुलै २०२४ पासून रंग न पाहता सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे. पांढरं कार्ड आहे म्हणून घरी बसू नका.

योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस किंवा बाई टेबलावर बसलेली असते. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचे रिपोर्ट घेऊन आधी त्या टेबलाशी जा, कॅश काउंटरला नंतर. त्यांच्यामार्फत पूर्वमंजुरी मागितली जाते. मंजुरी आली की खाट, औषधं, तपासण्या, रुग्णाचं जेवण आणि घरी परतीचं भाडंही पॅकेजमध्ये धरलेलं असतं. केमोथेरपीला दर फेरीला वेगळी मंजुरी लागते. ती आदल्या आठवड्यात मागून ठेवा, नाहीतर म्हातारीला उपाशीपोटी बाकावर बसवून दिवस जातो. रुग्णालयाने ‘योजनेतली खाट नाही’ किंवा ‘थोडा फरक भरा’ असं सांगितलं तर १५५३८८ या क्रमांकावर तिथूनच, आरोग्यमित्रासमोर फोन लावा.

निदानाआधीच्या तपासण्या, म्हणजे सोनोग्राफी, बायोप्सी वगैरे, बऱ्याचदा पॅकेजच्या बाहेर राहतात. म्हणून त्या ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात करून घेतलेल्या बऱ्या. वेळ जास्त लागतो, पण इथे वाचलेले पैसे पुढे औषधाला लागतात.

आत्या किंवा मावशी गावाहून आली असेल, तर तिचं गावचं रेशनकार्ड इथे चालतं, कारण योजना सगळ्या राज्याची आहे. घाईने गावच्या कार्डातून नाव कमी करून इथे चढवण्याच्या भानगडीत पडू नका. मधल्या काळात ती कुठेच नसते. नावाचा घोळ मात्र मिटवून घ्या. आधारवर ‘बाई’ लागलेलं असतं, रेशनकार्डावर नसतं, जन्मवर्षात पाच वर्षांचा फरक असतो, आणि मंजुरी तिथे अडते. आणि एक, कारण प्रश्न हमखास येतो : या योजनांना जातीचा दाखला लागत नाही. कुणी मागितला तर कोणत्या नियमाने, ते लेखी विचारा.

आई सत्तरी ओलांडलेली असेल तर आणखी एक दार आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यात वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर वृद्धांसाठी हे ५ लाख वेगळे. घरात दोघे सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून. वय आधारवरून धरतात. आपल्या कितीतरी म्हाताऱ्यांचं वय आधार काढताना अंदाजाने लिहिलं गेलं, आणि तो अंदाज आता असा नडतो.

मोठ्या रुग्णालयाचं मागचं दार नव्हे, पुढचंच दार

रुबी हॉल, जहांगीर, दीनानाथ मंगेशकर, केईएम ही नावं ऐकली की आपण रस्त्याच्या पलीकडे जातो. ही रुग्णालयं धर्मादाय न्यासांची आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या आहेत. त्यासाठी सगळ्या रुग्णांच्या बिलातून २ टक्के बाजूला काढून निधी ठेवायचा आहे. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. खाट नाही म्हणाले तर रिकाम्या खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पाहता येते, आणि तक्रारही त्यांच्याच कार्यालयात करायची असते. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवती बाईकडे लाखोंची अनामत मागितल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं. तेव्हापासून या नियमांकडे लोकांचं लक्ष आहे. ते विझू देऊ नका.

दाखला काढायलाच गेलात तर दोन-तीन प्रती घ्या. पुणे महापालिकेच्या शहरी गरीब योजनेत झोपडपट्टीतल्या आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना बिलाचा वाटा मिळतो. कॅन्सरसाठी तिथे मर्यादा जास्त आहे. कार्ड दरवर्षी नवं करावं लागतं. मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून थेट रुग्णालयाच्या खात्यात रक्कम जाते, त्याला डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. आई ६५ च्या आत असेल, आधार कुणाचा नसेल आणि उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असेल, तर संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सर रुग्ण बसतात. ६५ पुढे श्रावणबाळ. महिना दीड हजारात उपचार होत नाही, पण रिक्षाचं भाडं आणि अंडी-दूध होतं.

खर्च कशाचा, आणि कशाचा नाही

बायोप्सीच्या रिपोर्टवर तीन अक्षरी शब्द असतात : ईआर, पीआर आणि हर-टू. डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘हे पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह?’ पुढचा सगळा हिशेब त्यावर फिरतो.

वयस्कर बायकांत बऱ्याचदा ईआर पॉझिटिव्ह निघतो, म्हणजे गाठ शरीरातल्या स्त्री-हार्मोनवर वाढते. अशा वेळी लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल किंवा टॅमॉक्सिफेन ही रोजची एक गोळी हा उपचाराचा कणा असतो. या जुन्या गोळ्या आहेत, अनेक भारतीय कंपन्या बनवतात, जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. कितीतरी बायका या गोळीवर बरीच वर्षं घरात वावरतात, नातवंडांना शाळेत सोडतात. केमो झालीच नाही म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असं समजू नका.

गोळीबरोबर आणखी एक औषध सुचवलं जातं, ते महाग असतं. त्यातल्या पाल्बोसिक्लिबचं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत खूप खाली आली. त्याच जातीचं रायबोसिक्लिब मात्र तेव्हा पेटंटखाली होतं. केरळमधल्या एका निवृत्त बँक कर्मचारी बाईने त्याविरुद्ध २०२२ मध्ये उच्च न्यायालयात दाद मागितली. महिन्याला ५८ हजारांवर फक्त त्या एका औषधाला जात होते. खटला चालू असतानाच ती गेली, आणि न्यायालयाने प्रश्न पुढे चालू ठेवला. सांगायचं हे की औषध महाग असतं ते नेहमी बनवायला महाग पडतं म्हणून नव्हे. डॉक्टरांना विचारा, ‘पेटंट संपलेलं, याच कामाचं दुसरं आहे का?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब लागतं. त्याचं भारतीय रूप २०१४ पासून मिळतं. ते योजनेच्या पॅकेजमध्ये आहे का, हे आरोग्यमित्राकडून औषधाच्या नावानिशी तपासून घ्या.

छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारी किंमत यांत कॅन्सरच्या औषधांमध्ये फार अंतर असतं. इतकं, की २०१९ मध्ये सरकारने ४२ कॅन्सर औषधांवर विक्रेत्यांचा नफा ३० टक्क्यांवर रोखला. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर मूळ औषधाचं नाव लिहून घ्या आणि तीन दुकानांत विचारा.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो ‘आधी गाठ काढून टाका’ या आग्रहात. आजार आधीच शरीरात पसरलेला असताना स्तनाचं ऑपरेशन आणि शेक दिल्याने आयुष्य वाढतं का, हे मुंबईच्या टाटा रुग्णालयाने ३५० बायकांवर तपासून पाहिलं. २०१५ मध्ये निष्कर्ष आला : ज्यांचं ऑपरेशन झालं आणि ज्यांचं नाही, त्यांच्या आयुष्यात फरक पडला नाही. गाठ फुटली, रक्त थांबत नाही, वास येतो, अशा वेळी ऑपरेशन उपयोगी पडतं, पण तो वेगळा हेतू. म्हणून आधी विचारा, ‘हे आईला जास्त जगवण्यासाठी आहे की तिचा त्रास कमी करण्यासाठी?’ दोन्ही चांगले हेतू आहेत. दागिने मोडण्याआधी कोणता आहे हे कळलं पाहिजे.

परळच्या टाटा रुग्णालयात एकदा जाऊन उपचाराचा आराखडा घेणं चांगलं. जनरल वर्गात नाव घाला. बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड सोबत न्या, नाहीतर तपासणी पुन्हा करावी लागते. मग गोळ्या आणि केमो पुण्यातच घ्यावी. दर फेरीला म्हातारीला मुंबईला ओढत नेण्यात तिचा जीव अर्धा होतो. कॅन्सर रुग्णाला उपचाराच्या प्रवासाला रेल्वेच्या स्लीपरमध्ये पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे, रुग्णालयाच्या सहीचा फॉर्म लागतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ पुढच्यांना प्रवास मोफत. राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक अगदी कमी खर्चात राहतात.

वर्गणी कशाला वापरावी

विहारात वर्गणी काढतो ती आपली ताकद आहे. पण पहिल्याच आठवड्यात काढलेली वर्गणी रुग्णालयाच्या डिपॉझिटमध्ये जाते आणि चौथ्या महिन्यात कुणाकडे मागायला तोंड राहत नाही. चौथ्या टप्प्याचा उपचार महिन्यांचा असतो, कधी वर्षांचा. माझं मत असं की एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा महिला मंडळाने घराला महिन्याची ठरावीक मदत लावावी, आणि ती योजना जे देत नाही त्यावरच जावी : रिक्षा, बाहेरची तपासणी, अंडी, सोबतीला जाणाऱ्या सुनेची बुडालेली रोजी. दुसरं, वस्तीतल्या दोन शिकलेल्या पोरांनी फाइल सांभाळावी. पैसे देणारे भेटतात, सकाळी आठ वाजता टेबलापुढे रांगेत उभं राहणारं माणूस भेटत नाही. सून घरकाम बुडवून किती दिवस उभी राहणार?

औषध चालेनासं होण्याची वेळ काही घरांत येते. तेव्हा डॉक्टर ‘आता काही करण्यासारखं नाही’ म्हणतात आणि घरचे जडीबुटीवाल्यांकडे, बाबांकडे धाव घेतात, उरलेलं किडूक-मिडूकही तिकडे जातं. करण्यासारखं पुष्कळ असतं. कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिनची गोळी स्वस्त आहे आणि नीट दिली तर माणूस शांत झोपतो. तिची सवय लागेल ही भीती अशा दुखण्यात धरायची नसते. वारज्यात, महामार्गाला लागून, १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर चालतं. दुखणं, जखम, उलट्या, दम यांवर तिथे उपचार होतात, आणि रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. घरच्या एका माणसाला सोबत राहता येतं. जखम कशी धुवायची, कूस कशी बदलायची, गोळी किती तासांनी द्यायची, हे त्यांना शिकवून घरी पाठवतात. तिथे शेवटच्या दिवसांतच जायचं असतं हा गैरसमज आहे. गोळ्या चालू असतानाही दुखण्यासाठी जाता येतं. जाताना बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचं स्कॅन आणि चालू औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी. आणि आई बोलू शकत असेल तर तिथल्या डॉक्टरांशी तिलाच बोलू द्यावं.